व्हीएस कोडचे शॉर्टकट आणि सेटिंग्ज दुकानाच्या कामासाठी कसे लावायचे (आणि माझी एक महागात पडलेली चूक)

व्हिडिओ पाहिला असेल तर हा लेख सोबत उघडा ठेवा, आणि पाहिला नसेल तरी चालेल. इथे सगळं पायरी-पायरीने दिलंय. एकच गोष्ट आधी सांगतो. कीजची आणि कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे मराठीत लिहिली आहेत. एडिटरच्या शोध चौकटीत टाइप करताना ती इंग्रजीतच टाइप करायची.

माझं दुकान चिखलीला आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, मराठी टायपिंग, याद्या बनवणं, आणि संध्याकाळी छोट्या व्यावसायिकांचा क्लास. मी बीबीए केलंय, इंजिनियर नाही. मग प्रोग्रामर लोकांचा एडिटर माझ्या दुकानात काय करतो? हा प्रश्न मला दर बॅचमध्ये येतो, म्हणून आधी त्याचं उत्तर.

दुकानात कोड एडिटर कशाला?

व्हिज्युअल स्टुडिओ कोड, म्हणजे आपला व्हीएस कोड, मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणला. फुकट आहे. तो कोड लिहायला बनवला हे खरं, पण त्याचं मूळ काम म्हणजे साधा मजकूर न बिघडवता हाताळणं. आपल्या धंद्यात नेमकं तेच लागतं.

उदाहरण घ्या. बँक खात्यांची यादी एक्सेलमध्ये सरळ उघडली की पुढचं शून्य गायब होतं. खाते नंबर १६ आकडी असेल तर एक्सेल १५ आकडेच धरून ठेवतो आणि सोळाव्याच्या जागी शून्य करतो. कॉलम आधीच टेक्स्ट केला नसेल तर तो शेवटचा आकडा परत येत नाही. कोड एडिटर यातलं काहीच करत नाही. तुम्ही जे लिहिलं तेच राहतं. म्हणून याद्या मी आधी इथे स्वच्छ करतो, मग एक्सेलमध्ये नेतो. नेताना खालच्या पट्टीत उजवीकडे जिथे यूटीएफ-८ लिहिलेलं असतं तिथे क्लिक करून ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’ घ्या आणि ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ निवडा. नाहीतर सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडली की मराठी नावांच्या जागी कचरा दिसण्याची शक्यता असते.

आता मूळ विषय. हा एडिटर आपल्या हाताला बसवायचा कसा? आणि त्याआधी, मी तो कसा चुकीचा बसवला होता.

सात बॅगांची गोष्ट

मृग लागायच्या तोंडावरची गोष्ट. आमच्या तालुक्यातल्या एका गावच्या शेतकरी गटाने सोयाबीनचं बियाणं एकत्र घ्यायचं ठरवलं. नाव, मोबाइल, किती बॅगा, अशी ११८ जणांची यादी माझ्याकडे टाइपला आली.

त्याच्या महिनाभर आधी मी दुकानातल्या मशीनवर एक बदल केला होता. मला दुसऱ्या एका एडिटरची सवय होती, तिथे कंट्रोल + डी दाबलं की पूर्ण ओळ उडते. व्हीएस कोडमध्ये मुळात कंट्रोल + डी चं काम वेगळं आहे. कर्सर ज्या शब्दावर आहे तो निवडतो, परत दाबलं की तोच शब्द पुढे जिथे असेल तिथेही निवडतो. मी ते बदलून ‘डिलीट लाइन’ लावलं. माझी बोटं खूश.

पण मशीनवर मी एकटा नव्हतो. दुकानात काम करणाऱ्या ताई माझाच जुना व्हिडिओ बघून शिकलेल्या. यादीत एका आडनावाचं स्पेलिंग तीन-चार ठिकाणी चुकलं होतं. त्यांनी शिकल्याप्रमाणे शब्दावर कर्सर ठेवला आणि कंट्रोल + डी दाबलं. शब्द निवडलेला दिसला नाही. त्यांना वाटलं की नीट दाबली गेली नाही, म्हणून अजून दोनदा दाबली. मग तो नाद सोडून हाताने दुरुस्त केलं.

दर वेळी एक ओळ उडत होती आणि खालची वर सरकत होती. सगळ्या ओळी दिसायला सारख्याच. ऑटो सेव्ह चालू होता, त्यामुळे एका सेकंदात फाइल सेव्हही झाली. बॅगांची बेरीज नंतर एक्सेलमध्ये केली, ती यादीशी बरोबर जुळली. जुळणारच की, यादीच तीन नावांनी कमी होती!

तीन दिवसांनी एक काका दुकानात आले. हातात यादीची झेरॉक्स. “भाऊ, माह्यं नाव काहून नाही ह्याच्यात? पैसे तर मी पहिल्याच दिवशी देले.” रागावले नव्हते ते. त्यांना वाटत होतं की गटवाल्यांनीच त्यांना वगळलं. गावात त्यावरून बोलाबोली सुरू झाली होती. म्हणजे माझ्या एका शॉर्टकटमुळे दोन माणसांत भांडण लागायची वेळ आली होती.

यादी परत कशी मिळाली ते पुढे सांगतो. तीन नावं, सात बॅगा. चार बॅगा त्याच दुकानदाराकडे शिल्लक होत्या, तीन मी दुसऱ्या दिवशी खामगावहून आणल्या, गाडीभाडं माझ्या खिशातून. गटाच्या अध्यक्षांना आणि त्या काकांना समोरासमोर बसवून सांगितलं की चूक माझ्या दुकानाची आहे. ताईंची पण नाही, माझी. कारण ताई बरोबर की दाबत होत्या. कीचा अर्थ मी गुपचूप बदलला होता.

तेव्हापासून शॉर्टकट बदलण्याचे माझे नियम ठरले. आजचा धडा त्याच नियमांवर आहे.

नियम १: चालत्या शॉर्टकटचा अर्थ बदलू नका, रिकामी की शोधा

कीबोर्डची सवय किती घट्ट असते याचा मोठा पुरावा आपल्या समोरच पडलाय. आपल्या इंग्रजी कीबोर्डची क्वर्टी रचना अमेरिकेत १८७४ साली विक्रीला आलेल्या टाइपरायटरवरून आली. आपल्याकडे गोदरेजने १९५५ मध्ये टाइपरायटर बनवायला घेतले आणि २००९ मध्ये थांबवले. यंत्र गेलं, रचना राहिली. कारण रचना लोखंडात नसते, माणसांच्या बोटांत असते.

म्हणून ज्या मशीनवर दोन माणसं बसतात तिथे कंट्रोल + एस, झेड, सी, व्ही, एफ, डी यांना हात लावायचा नाही. नवीन काम नवीन कीवर.

की रिकामी आहे का हे असं बघा:

१. कंट्रोल + के दाबा, सोडा, लगेच कंट्रोल + एस दाबा. शॉर्टकटची पूर्ण यादी उघडते.
२. वरच्या चौकटीत कमांडचं नाव टाइप करा. समजा तुम्हाला ओळी अकारविल्हे लावायच्या आहेत, तर ‘सॉर्ट लाइन्स’ टाइप करा. ‘सॉर्ट लाइन्स असेंडिंग’ दिसेल. तिच्यापुढे कोणतीही की नसते.
३. तिच्यावर डबल क्लिक करा आणि हवी ती की दाबा. ही की आधीच कुठल्या कमांडला लावलेली असेल तर त्याच छोट्या चौकटीत खाली सूचना येते. ही सूचना वाचल्याशिवाय एंटर दाबू नका. मी तेव्हा वाचली नव्हती.
४. एंटर दाबा. आता त्या ओळीच्या ‘सोर्स’ रकान्यात ‘युजर’ दिसेल. म्हणजे हा बदल तुमचा.

बदल आवडला नाही तर त्या ओळीवर राइट क्लिक करून ‘रिसेट कीबाइंडिंग’ घ्या. मूळ जागेवर येतं.

एखादी की दाबल्यावर भलतंच होत असेल तर कमांड पॅलेट उघडा (कंट्रोल + शिफ्ट + पी) आणि ‘टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग’ शोधा. मग ती की दाबा. कोणती कमांड पकडली गेली हे खालच्या आउटपुट भागात लिहून येतं. काम झालं की तीच कमांड परत देऊन ते बंद करा.

नियम २: नुकसान करणारं काम दोन टप्प्यांत ठेवा

व्हीएस कोडमध्ये दोन टप्प्यांचे शॉर्टकट असतात. वर पाहिलेलं कंट्रोल + के, मग कंट्रोल + एस हे त्यातलंच. ओळ उडवणं, डुप्लिकेट ओळी काढणं, सगळीकडे बदल करणं, ही कामं एका टिचकीत होता कामा नयेत. मूळ एडिटरमध्ये ओळ उडवायला कंट्रोल + शिफ्ट + के आहे. तीन बोटं लागतात. मला आधी वाटायचं की हे अवघड का ठेवलं असेल. आता कळलं.

‘डिलीट डुप्लिकेट लाइन्स’ ही कमांड फार कामाची आहे, पण तिला मी मुद्दाम की दिलेली नाही. कमांड पॅलेटमधून नाव टाइप करूनच वापरायची. तेवढ्या चार सेकंदांत माणूस विचार करतो.

नियम ३: आपल्या मशीनवर कोणत्या कीज आधीच गुंतल्यात ते बघा

पुस्तकी शॉर्टकट सगळीकडे चालतातच असं नाही. आपल्याकडे वारंवार येणारे तीन घोळ सांगतो.

पहिला घोळ: एकाच वेळी अनेक ओळींत कर्सर ठेवायला कंट्रोल + ऑल्ट + खालचा बाण आहे. पण काही जुन्या मशीनवर हीच की ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरने स्क्रीन उलटी करायला घेतलेली असते. क्लासमध्ये एका दादांची स्क्रीन डोक्यावर उभी राहिली आणि त्यांना वाटलं कॉम्प्युटर गेला. घाबरू नका. कंट्रोल + ऑल्ट + वरचा बाण दाबला की सरळ होते. मग त्या ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन हॉट की बंद करा.

दुसरा घोळ: रुपयाचं चिन्ह. ‘इंग्लिश इंडिया’ कीबोर्ड लावला असेल तर उजवा ऑल्ट + ४ दाबल्यावर ₹ येतं. विंडोज उजव्या ऑल्टला कंट्रोल + ऑल्ट समजतं. म्हणून कंट्रोल + ऑल्ट + ४ ला दुसरं काम देऊ नका, नाहीतर बिलात ₹ टाकायला गेलात की भलतीच कमांड चालेल.

तिसरा घोळ: भाषा बदलणं. डावा ऑल्ट + शिफ्ट दाबलं की विंडोजमध्ये भाषा बदलते. आणि एडिटरमधले बरेच शॉर्टकट नेमके शिफ्ट + ऑल्टवर आहेत. ओळीची कॉपी खाली करायची तर शिफ्ट + ऑल्ट + खालचा बाण. बोट जरा थांबलं की मराठीचं इंग्रजी होतं आणि कळतही नाही. उपाय सोपा आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, मग ‘टायपिंग’, मग ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’, तिथे ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’. ऑल्ट + शिफ्टला ‘नॉट असाइन्ड’ करा. भाषा बदलायला विंडोज की + स्पेस आहेच.

मराठी टायपिंगवाल्यांसाठी खास

इनस्क्रिप्ट रचना आपल्या भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. ‘क’ ची की शिफ्टसह दाबली की ‘ख’, ‘ग’ ची दाबली की ‘घ’. शिकायला एकदम शहाणी रचना आहे. पण कोड एडिटरमध्ये तिची एक अडचण होते.

ज्या कीवर इंग्रजीत चौकोनी कंस आहे, तिथे इनस्क्रिप्टमध्ये ‘ड’ आहे. शिफ्टसह महिरपी कंसाच्या जागी ‘ढ’. दुहेरी अवतरणाच्या जागी ‘ठ’. अर्धविरामाच्या जागी ‘च’. तिरक्या रेघेच्या जागी ‘य’. म्हणजे सेटिंगची फाइल हाताने लिहायला बसलात आणि मराठी चालू राहिलं, तर कंसाऐवजी ‘ढ’ पडतो आणि फाइलमध्ये लाल रेघा. क्लासमध्ये दर बॅचला निदान दोघांचं हे होतं. म्हणून दोन गोष्टी पाळा. सेटिंग्ज शक्यतो चौकटींच्या पानावरूनच बदला (कंट्रोल + स्वल्पविराम). आणि स्वतःचे शॉर्टकट चिन्हांच्या कीवर लावू नका. अक्षरं किंवा फंक्शन की वापरा. मी ‘सॉर्ट लाइन्स’ एफ ९ वर लावलंय. एफ ९ मुळात प्रोग्रामरच्या ब्रेकपॉइंटसाठी असते, आमच्या दुकानात तो कुणी वापरत नाही. तुमच्याकडे खरंच कोड लिहिणारं कुणी असेल तर त्यांना विचारून मगच घ्या.

अजून एक बारीक गोष्ट, पण याद्यांत फार त्रास देते. ‘कऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ यातला ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टाइप होतो. एक ‘ऱ’ घेऊन हलंत देऊन (इनस्क्रिप्टमध्ये ‘र’ ची की शिफ्टसह), आणि दुसरा साधा ‘र’, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडअक्षर घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे. कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. म्हणून कंट्रोल + एफ ने शोधलं तर अर्धीच नावं सापडतात आणि आपण म्हणतो की एडिटर बिघडला. दोन्ही प्रकार शोधून एकच करून घ्या. आणि जुन्या क्रुतीदेव किंवा तसल्या फॉन्टमधली फाइल इथे उघडली तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसेल. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते.

माझ्या दुकानातल्या पाच सेटिंग्ज

कंट्रोल + स्वल्पविराम दाबा आणि शोध चौकटीत एकेक नाव टाइप करा.

‘फॉन्ट साइज’: मुळात १४ असतं. मराठीच्या मात्रा आणि रफार दिसायला मी १८ ठेवलंय. अनुस्वार सुटलाय का हे लगेच कळतं.

‘वर्ड रॅप’: ‘ऑन’ करा. लांब ओळ खिडकीतच दुमडते. पण लक्षात ठेवा, डावीकडचा ओळ नंबर खरी ओळच मोजतो, दुमडलेली नाही.

‘ऑटो सेव्ह’: इथे नीट वाचा. ‘आफ्टर डिले’ निवडलं तर दर थोड्या वेळाने आपोआप सेव्ह. मी आता ‘ऑन फोकस चेंज’ ठेवतो, म्हणजे दुसऱ्या फाइलवर किंवा खिडकीवर गेलो की सेव्ह. याचं कारण पुढच्या मुद्द्यात आहे. लाइट गेली तर? न सेव्ह केलेल्या मजकुराचीही एडिटर स्वतः अधूनमधून प्रत ठेवतो, परत उघडल्यावर बहुतेक वेळा मजकूर तसाच समोर येतो.

‘लोकल हिस्टरी’: ही चालूच असते, बंद करू नका. माझी यादी हिनेच वाचवली. प्रत्येक सेव्हला एडिटर त्या फाइलची एक जुनी प्रत बाजूला ठेवतो. डावीकडे एक्सप्लोररमध्ये सगळ्यात खाली ‘टाइमलाइन’ आहे. ती उघडून जुन्या नोंदीवर क्लिक केलं की जुनं आणि पुढचं शेजारी-शेजारी दिसतं, उडालेल्या ओळी लाल रंगात. त्या दिवशी काकांसमोरच मी ती उघडली, आणि तीन लाल ओळींत मधली त्यांची होती. पण एका फाइलच्या मुळात ५० नोंदीच राहतात, त्यापुढे जुन्या जातात. ‘आफ्टर डिले’ ठेवून दिवसभर टायपिंग केलं तर ५० नोंदी दुपारपर्यंतच संपतात आणि सकाळची प्रत मिळत नाही. म्हणून ‘ऑन फोकस चेंज’. हवं तर ‘मॅक्स फाइल एंट्रीज’ मध्ये आकडा वाढवा.

‘मिनीमॅप’: बंद. उजवीकडचा तो छोटा नकाशा लहान स्क्रीनवर जागा खातो.

आपण आजवर काय काय बदललं हे बघायचं असेल तर सेटिंग्जच्या शोध चौकटीत ‘ॲट द रेट मॉडिफाइड’ टाइप करा. फक्त तुमचे बदल दिसतील. शॉर्टकटच्या पानावर वरच्या तीन टिंबांत ‘शो युजर कीबाइंडिंग्ज’ आहे. महिन्यातून एकदा दोन्ही बघत चला. दहा बदलांपैकी चार तरी आपण विसरलेले असतात.

शॉर्टकटपेक्षा जास्त वेळ वाचवणारी गोष्ट: स्निपेट

आपल्या दुकानात तोच तो मजकूर दिवसातून वीस वेळा लागतो. ‘प्रति, मा. तहसीलदार साहेब’ पासून ‘आपला विश्वासू’ पर्यंत. कमांड पॅलेटमध्ये ‘कॉन्फिगर स्निपेट्स’ शोधा आणि तुमच्या फाइलचा प्रकार निवडा. साध्या अर्जासाठी ‘प्लेन टेक्स्ट’. तिथे तीन गोष्टी द्यायच्या. प्रिफिक्स म्हणजे हाक मारायचं नाव, ते छोटं आणि इंग्रजी अक्षरांत ठेवा. बॉडी म्हणजे मजकूर, तो मराठीत. आणि वर्णन. मजकुरात जिथे नाव, गाव, विषय भरायचाय तिथे डॉलर चिन्ह आणि १, २, ३ असे इंग्रजी आकडे. मग टॅब दाबत गेलं की कर्सर त्या त्या जागी उडी मारतो. तारखेसाठी तयार शब्द आहेत, आजची तारीख आपोआप पडते. सेटिंग्जमध्ये ‘टॅब कम्प्लिशन’ चालू केलं की प्रिफिक्स टाइप करून टॅब दाबायचं, अख्खा अर्ज समोर.

यातही एक काळजी घ्या. रिकाम्या जागेत नमुन्याचं नाव भरून ठेवू नका. घाईत तेच छापलं जातं. तिथे ‘नाव लिहा’ असंच ठेवा, म्हणजे सुटलं तर डोळ्यांत खुपतं.

माझं मशीन, दुकानाचं मशीन: प्रोफाइल

आता तुम्ही म्हणाल, “सर, मला माझी सवय सोडायची नाही.” सोडू नका. त्यासाठी प्रोफाइल आहे. डावीकडे खाली गियरचं चिन्ह, तिथे ‘प्रोफाइल्स’, मग ‘न्यू प्रोफाइल’. प्रत्येक प्रोफाइलचे शॉर्टकट, सेटिंग्ज, स्निपेट वेगळे ठेवता येतात. माझ्याकडे तीन आहेत: ‘दुकान’, ‘क्लास’ आणि ‘माझं’. ‘माझं’ मध्ये कंट्रोल + डी अजूनही ओळ उडवतं! पण त्याचा रंग मी गडद लाल ठेवलाय. खिडकी लाल दिसली की ताईंना कळतं की भाऊंचं चालू आहे, आधी बदलायचं.

प्रोफाइल एक्सपोर्ट करून फाइलही बनवता येते. ती पेनड्राइव्हवर ठेवा. मशीन फॉरमॅट झालं तर दहा मिनिटांत सगळं परत. स्वतःच्या दोन मशीनसाठी सेटिंग्ज सिंकही आहे, त्याला मायक्रोसॉफ्टचं किंवा गिटहबचं खातं लागतं. पण स्वतःचं खातं दुकानाच्या सामाईक मशीनवर चालू ठेवू नका.

भिंतीवरचा कागद

शेवटचा उपाय अगदी बिनखर्चाचा. आमच्या मॉनिटरशेजारी एक कागद चिकटवलाय. त्यावर ‘दुकान’ प्रोफाइलमधले बदललेले शॉर्टकट लिहिलेत, एकूण सहा. माझा नियम असा आहे की कागदावर लिहिल्याशिवाय बदल करायचा नाही, आणि सातवा लिहायचा असेल तर एक खोडायचा. कागदाच्या तळाला मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ‘यादी आली तेव्हा किती ओळी? दिली तेव्हा किती ओळी?’ एडिटरच्या डावीकडे ओळ नंबर असतोच. शेवटच्या ओळीवर जायला कंट्रोल + एंड. पाच सेकंदांचं काम. त्या दिवशी एवढं केलं असतं तर ११८ च्या ११५ झालेल्या तिथेच दिसल्या असत्या.

या आठवड्याचा गृहपाठ

१. कंट्रोल + के, कंट्रोल + एस उघडा, ‘शो युजर कीबाइंडिंग्ज’ घ्या आणि आजवर केलेले बदल कागदावर उतरवा.
२. त्यातल्या ज्या बदलाने मूळ शॉर्टकटचा अर्थ बदललाय, तो रिसेट करा किंवा स्वतःच्या प्रोफाइलमध्ये हलवा.
३. दिवसात सगळ्यात जास्त वेळा करता ते एकच काम निवडा आणि त्याला एकच रिकामी की द्या. आठवडाभर तीच वापरा. एकदम दहा लावाल तर एकही लक्षात राहणार नाही.
४. एक खोटी यादी बनवा, दोन ओळी मुद्दाम उडवा, सेव्ह करा, आणि टाइमलाइनमधून परत आणून दाखवा. आग लागल्यावर विहीर खोदायची नसते.
५. तुमच्या मशीनवर दुसरं जे कुणी बसतं, त्यांना शेजारी बसवून हे सगळं दाखवा.

पाचवा मुद्दा सोडू नका. बाकी चार केले आणि हा राहिला तर तुमची गत माझ्यासारखी होईल. ते काका आजही दुकानात येतात, फॉर्म भरायला. यादी दिसली की हसून विचारतात, “भाऊ, आहे न माह्यं नाव?” मी ओळ नंबर दाखवतो, आणि मगच प्रिंट देतो.

भेटू पुढच्या धड्यात. त्यात याच एडिटरमध्ये दुकानाचं एका पानाचं दरपत्रक कसं बनवायचं ते बघू.